धुतलेली गाडी पुसू नका, टिपा: रंगावर चरे न उठवता गाडी कोरडी करण्याची रीत

ओल्या वस्तूचं काय करायचं यासाठी मराठीत क्रियापदांची चैन आहे. भांडी आपण निथळत ठेवतो. कपडे पिळतो, झटकतो. वहीवर शाई सांडली तर टिपतो आणि लादी पुसतो. शाई पुसायची नसते हे कुणी शिकवावं लागत नाही, एकदा फडकं फिरवून पान खराब केलं की कळतं. गाडी मात्र आपण सरसकट पुसतो. धुतली, पुसली, उभी केली.

गाडीवरचे केसासारखे बारीक चरे बहुतांशी धुताना आणि पुसताना पडतात. धुताना निदान भरपूर पाणी आणि फेस तरी मध्ये असतो. पुसताना तेही संपत आलेलं असतं. म्हणून गाडी कोरडी करण्याचं काम मी चार क्रियापदांत वाटतो: आधी निथळू द्यायचं, मग उडवायचं, मग टिपायचं, आणि एवढं करून काही राहिलंच तर पुसायचं. पहिल्या दोन कामांत रंगाला हातही लागत नाही. तिसऱ्यात जेमतेम लागतो. जितकं पाणी आधी जाईल तितकं शेवटचं, सगळ्यात धोक्याचं काम कमी उरतं.

ही अक्कल मला गाडी घेतल्याबरोबर आली नव्हती. माझी पहिली नवी गाडी काळी होती आणि तिच्यावर माझा भारी जीव. दर आठवड्याला स्वतः धुवायचो आणि अंगाचा जाड, मऊ टॉवेल घेऊन घासून घासून लखलखीत करायचो. काही महिन्यांनी एका रात्री ती दिव्याच्या खांबाखाली उभी होती. बॉनेटमध्ये दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याभोवती कोळ्याचं भलंमोठं जाळं. आधी वाटलं रंगच हलका लावलाय. रंगाचा काही दोष नव्हता. दर आठवड्याला जो प्रेमाने घासत होता, त्याचाच तो पराक्रम होता.

चरा पडतो तो कशाने

आजकालच्या गाड्यांवर रंगाच्या थरावर आणखी एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी त्याची आणि उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षणही त्याचंच. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसापेक्षा पातळ. शिवाय तो शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिक. आता वाळूचा कण घ्या. वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ असतं आणि खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स मापावर त्याचा क्रमांक ७. खिडकीची काच त्या मापावर साडेपाचच्या आसपास येते. जो कण काचेला ओरबाडू शकतो, त्याच्यापुढे प्लॅस्टिकचा काय पाड लागणार?

म्हणजे नुसतं कापड चरा पाडत नाही, पाडतो तो कापडाखाली सापडलेला कण. मऊ कापड घेतलं म्हणजे सुटलो, असं नसतं. कापड मऊ असो की खरखरीत, त्याखाली वाळू असेल आणि वरून हाताचा भार असेल तर तो कण रंगावर रेघ ओढत जाणारच. चांगलं कापड एवढंच करतं की कणाला आपल्या लवेत आत ओढून घेतं आणि रंगापासून थोडं दूर ठेवतं. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. कण आधीच धुऊन गेलेला हवा, कापडाला लव हवी आणि हाताचा भार नको.

त्या कोळ्याच्या जाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. चरे गोल दिसतात, म्हणून ते गोल गोल पुसल्यानेच पडले असं मानलं जातं. खरं तर पुसताना चरे हव्या त्या दिशांना पडलेले असतात. पण एका दिव्याच्या उजेडात त्यातले नेमके तेच चमकतात, जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडलेत. म्हणून गोल जाळं दिसतं आणि दिवा हलवला की जाळंही हलतं. तरीही सरळ रेषेत हात चालवावा हे खरं. चुकून चरा पडलाच तर तो एकाच दिशेचा राहतो, एखाद्या कोनातूनच नजरेला येतो.

मग गाडी तशीच वाळायला सोडली तर?

हा प्रश्न रास्त आहे. स्पर्शाने चरे पडतात तर स्पर्शच नको. पण पाणी वाळतं तेव्हा फक्त पाणी जातं, त्यातले क्षार मागे राहतात. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमीअधिक असतात. शाळेच्या पुस्तकातलं ‘दुष्फेन पाणी’ ते हेच. ज्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरं चढतं. लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या पुढे हे क्षार गेले की पाणी जड समजतात. समजा, पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि धुतल्यावर गाडीच्या अंगावर एक लिटर पाणी राहिलं. ते तसंच वाळलं तर ते सगळे ३०० मिलिग्रॅम गाडीवरच बसणार, आणि तेही सारखे पसरून नव्हे, प्रत्येक थेंबाच्या कडेला गोळा होऊन. ते गोल पांढरे डाग.

ताजे असताना हे डाग बोटाने जातात. गाडी उन्हात तापली, पुन्हा भिजली, पुन्हा तापली की ते क्लिअर कोटात रुततात आणि मग पॉलिशशिवाय हटत नाहीत. थेंब भिंगासारखं ऊन एकवटतो आणि रंग जाळतो, असंही ऐकायला मिळतं. त्याची चिंता सोडा, खरे कारभारी क्षार आहेत.

याला एकच राजमार्ग आहे: शेवटचं पाणी क्षारमुक्त वापरायचं. क्षार काढून टाकणारं गाळणं नळीला जोडलं तर गाडी तशीच उभी करून वाळू दिली तरी चालतं. घरगुती आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात पण शून्य नसतात आणि गाडी धुण्याइतकं ते काढणं म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब आला. त्यामुळे बाकी आपण सगळे जण टॉवेलवाले.

टॉवेल कोणता

सामानात टॉवेलावर जेवढं लक्ष द्याल तेवढं कमी. सुती टॉवेल, जुना टी-शर्ट, बनियन यांना निरोप द्या. सुती धागा पाणी स्वतःत मुरवतो खरा, पण कणाला लपायला जागा देत नाही. जुन्या कपड्याच्या शिवणी आणि कडा तर कडकच असतात.

मायक्रोफायबर हवं. हा धागा किती बारीक? एक डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम. मायक्रोफायबरचा धागा याहूनही बारीक असतो. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचं मिश्रण, बहुधा ८० आणि २० किंवा ७० आणि ३० या प्रमाणात. धागा तयार झाल्यावर तो उभा चिरला जातो, त्यामुळे त्यात सूक्ष्म फटी पडतात. पाणी या फटींत आपसूक चढतं. घासून पाणी ‘काढायची’ गरजच राहत नाही, टॉवेल नुसता टेकवला तरी तो पाणी ओढतो. टिपण्याची सगळी युक्ती या एका गुणावर उभी आहे.

वेष्टणावर जीएसएमचा आकडा दिसेल, म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचं वजन ग्रॅममध्ये. पाणी टिपायला ५०० च्या पुढचा टॉवेल घ्या. हजाराच्या पुढचेही मिळतात, पण भिजल्यावर ते इतके जड होतात की टपावरून ओढताना खांदा दुखतो. विणीत तीन प्रकार दिसतील. लांब लवेचा टॉवेल फार मऊ, पण लवकर भरतो. चौकटींच्या विणीचा, वॅफल म्हणतात तो, काचेला उत्तम. तिसरा पीळ दिलेल्या धाग्यांचा, दोरीच्या बारीक वेटोळ्यांसारखा दिसणारा. मोठ्या पत्र्यासाठी मी आता हाच वापरतो. तो अर्धी गाडी पिऊन टाकतो आणि ओढताना अडखळत नाही.

घेताना टॉवेलाची कड हाताने चाचपून पाहा. कडेला नायलॉनच्या दोऱ्याची कडक शिलाई असेल तर नको. मऊ कापडाची पट्टी लावलेली किंवा बिनशिलाईची कड हवी. कोपऱ्यातलं कंपनीचं लेबल घरी आल्या आल्या काढून टाका. मी एकदा ते तसंच ठेवलं होतं आणि दाराच्या हँडलाखाली त्याने ओढलेली रेघ पुढे कित्येक महिने बघत बसलो. नवा टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवाच. सुटे धागे निघून जातात आणि तो पाणीही चांगलं धरतो.

किती लागतील? लहान गाडीला मोठे दोन, साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचे, आणि हातभर मापाचे तीन-चार. दारांच्या आतल्या कडा, उंबरे आणि चाकं यांच्यासाठी वेगळ्या रंगाचे. रंगाची ही शिस्त हास्यास्पद वाटते, पण ब्रेकची काळी भुकटी लागलेला टॉवेल पुढच्या वेळी बॉनेटवर जाऊ नये यासाठी याहून सोपा उपाय नाही.

आता नकोशा गोष्टी. शॅमॉय नावाचं गाडी पुसायचं फडकं, मग ते कातड्याचं असो की प्लॅस्टिकसारखं पिवळं, पाणी झकास ओढतं. पण ते सपाट असतं, त्याला लव नसते, म्हणून कण सापडला की तो थेट कातडं आणि रंग यांच्यामध्ये भरडला जातो. रबरी किंवा सिलिकॉनच्या पट्टीचं तर बोलायलाच नको. एका फटक्यात अख्ख्या बॉनेटचं पाणी उतरवते हे खरं, आणि पट्टीखाली एक कण असला तर एका फटक्यात बॉनेटभर लांब चराही उतरवते. काचेपुरती ती ठीक, तीही काच नीट धुतलेली असेल तरच.

धुणं संपण्याआधीच सुरुवात

गाडी सावलीत हवी. पत्र्यावर तळहात ठेवा, चटका सोडा, ऊबही लागायला नको. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर हे आपोआप जमतं. गरम पत्र्यावर तुम्ही डावं दार टिपेपर्यंत उजव्यावर डाग बसलेले असतात. वारा सुटला असेल आणि धूळ उडत असेल तर आज गाडी धुऊच नका.

फेस धुऊन टाकल्यावर एकदा वाकून खालची बाजू बघा. दारांचा खालचा तिसरा हिस्सा, मागचा बंपर आणि चाकांमागचा पत्रा. सगळ्यात जास्त चिखल आणि वाळू इथेच असते आणि धुताना कंटाळा येतो तोही इथेच. पांढऱ्या फडक्याचा एक कोपरा तिथे हलकेच टेकवून बघा. काळं आलं तर टॉवेल हातात घेऊ नका, ती जागा पुन्हा धुवा. अस्वच्छ गाडी जपून पुसायची कोणतीही रीत नाही.

पहिलं काम: निथळू द्या

प्रेशर पंप बंद करा, नळीच्या तोंडाची फवाऱ्याची तोटी काढून ठेवा. आता नुसती उघडी नळी घ्या आणि पाणी संथ सोडा, घागरीतून ओतावं तसं. टपाच्या मधोमध सुरू करा, नळी पत्र्याच्या जवळ धरा आणि हळूहळू खाली सरकत या. फवाऱ्याने हजारो सुटे थेंब उडतात आणि प्रत्येक थेंब जिथल्या तिथे चिकटून बसतो. सलग वाहत्या पाण्याचं तसं नसतं. पाण्याला पाणी ओढतं. वाहता पडदा वाटेतले थेंब आपल्यात घेत घेत खाली उतरतो आणि मागे जवळजवळ कोरडा पत्रा सोडतो.

टपानंतर काचा, मग बॉनेट, डिकी आणि शेवटी बाजू. घाई केली की पडदा तुटतो, मग त्या जागी पुन्हा वरून यावं लागतं. गाडीच्या रंगावर वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग असा एखादा पाणी न धरणारा संरक्षक थर लावलेला असेल तर हा प्रकार बघण्यासारखा होतो, अर्ध्याहून जास्त पाणी डोळ्यांदेखत घरंगळून जातं. काहीच लावलेलं नसेल तर पाणी पसरून राहतं आणि सावकाश उतरतं. मग दोन-तीन मिनिटं थांबा. तेवढ्यात टॉवेल काढून ठेवा, नळी गुंडाळा. गाडी चढाकडे तोंड करून उभी असेल तर बॉनेटवरचं पाणीही आपोआप मागे सरकतं, पण त्यासाठी मुद्दाम गाडी हलवत बसू नये.

वरच्या हिशेबात बसवायचं तर लिटरभरातलं तीन पाव पाणी असं उतरलं तर डागांसाठी उरणारे क्षारही ३०० वरून ७५ मिलिग्रॅमवर येतात. आणि यात एकही चरा पडायची शक्यता नाही.

दुसरं काम: उडवा

ब्लोअर असेल तर आता त्याची पाळी. बागेतला पालापाचोळा उडवणारा विजेचा किंवा बॅटरीचा ब्लोअर चालतो, गाडीसाठीचे खास मिळतात तेही चालतात. हवा गरम असण्याची गरज नाही, वेग हवा. तोंड पत्र्यापासून वीतभर लांब ठेवा, धातूचं किंवा कडक प्लॅस्टिकचं तोंड रंगाला ठोकलं गेलं तर सगळा खटाटोप फुकट. वरून खाली आणि एकाच दिशेने, पाण्याला पुढे ढकलत जा. ब्लोअर जमिनीच्या दिशेने रोखला तर खालची धूळ उठते आणि ओल्या गाडीवर येऊन बसते, म्हणून चालू करण्याआधी गाडीभोवतीची जमीनही ओली करून घ्या.

कॉम्प्रेसरची हवा वापरणार असाल तर जपून. त्यातून कधीकधी तेलाचा अंश आणि साचलेलं पाणी येतं, म्हणून गाळणी बसवलेली असेल तरच वापरा.

ब्लोअरची खरी किंमत मोठ्या पत्र्यावर कळत नाही, ती कळते फटींत. आरशाच्या घरात, दिव्यांच्या कडेला, पुढच्या जाळीत, नावाच्या अक्षरांमागे, दाराच्या हँडलात, नंबरप्लेटीमागे, इंधनाच्या झाकणात आणि चाकांच्या नटांमध्ये पाणी दडून बसतं. तुम्ही टिपून मोकळे झालात की मग ते सावकाश बाहेर येऊन ओघळ सोडतं. ब्लोअर नसेल तर हे काम पुढे लहान टॉवेलाच्या टोकाने करावं लागतं आणि तरी थोडं राहतंच.

तिसरं काम: टिपा

मोठा टॉवेल किंचित ओलसर करून घ्या, भिजवून घट्ट पिळलेला. खडखडीत कोरडं मायक्रोफायबर सुरुवातीला पाणी ढकलतं, ओलसर झाल्यावरच ते ओढायला लागतं.

टॉवेल पूर्ण उलगडा. दोन कोपरे दोन हातांत धरा आणि झोपलेल्या लेकरावर चादर टाकावी तसा टपावर अलगद पसरा. आता काहीही करू नका, दोन-तीन सेकंद थांबा. टॉवेल आपलं काम करतोय, त्याचा रंग गडद होताना दिसेल. मग तेच दोन कोपरे धरून सरळ स्वतःकडे ओढा. वरून हात दाबायचा नाही, टॉवेलाचं स्वतःचं वजन पुरतं. टपाच्या दुसऱ्या बाजूने येऊन उरलेला अर्धा. बॉनेटवर हेच, डिकीवर हेच.

हात दाबायची सवय सुटता सुटत नाही. मला ती सोडवायला एक क्लृप्ती उपयोगी पडली: टॉवेल तळव्याने न धरता फक्त बोटांच्या चिमटीत कोपरे धरायचे. चिमटीने दाब देताच येत नाही.

उभ्या बाजूंवर टॉवेल पसरून राहत नाही. तिथे चौघडी करून पत्र्याला टेकवा, उचला, पुढे टेकवा. घाई असेल तर वरून खाली एकच सरळ, हलका हात. चौघडीमुळे आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक भरली की पालटा. क्रम नेहमी वरून खाली. दारांचा खालचा हिस्सा आणि बंपर शेवटी, आणि शक्यतो वेगळ्या टॉवेलाने. तिथला टॉवेल पुन्हा वर न्यायचा नाही, मग तो कितीही स्वच्छ दिसो.

दर वेळी टॉवेल उलटून बघा. त्यावर करडी रेघ किंवा काळा ठिपका दिसला तर तिथेच थांबा. याचा अर्थ गाडी पुरती धुतली गेलेली नाही. त्या भागावर पुन्हा पाणी सोडा आणि टॉवेल बदला.

आणि टॉवेल जमिनीवर पडला, तर तो आजच्यापुरता संपला. झटकून, उलटून, पडलेली बाजू आत घालून वापरण्याचे सगळे बहाणे मी करून पाहिलेत. बादलीत खळबळून घेतला तरी लवेत शिरलेली वाळू निघत नाही. म्हणूनच एक टॉवेल जास्तीचा हवा.

चौथं: पुसायचंच असेल तर

टिपून झाल्यावर पत्र्यावर धुक्यासारखा पातळ ओलावा किंवा तुरळक थेंब राहतात. सगळ्यात जपायची वेळ हीच. आतापर्यंत टॉवेल आणि रंग यांच्यामध्ये पाणी होतं, तेच वंगणाचं काम करत होतं. आता ते संपत आलंय आणि हात मात्र ‘लखलखीत करू’ म्हणून शिवशिवतोय. अगदी पातळ ओलावा असेल तर तो सोडून द्या. मिनिटभरात तो स्वतः उडून जातो आणि इतक्या कमी पाण्याचा डाग सहसा दिसत नाही.

पुसायचं असेल तर वंगण घाला. क्विक डिटेलर, म्हणजे रंगावर फवारायचं निसरडं द्रव्य, किंवा फवाऱ्याचं वॅक्स मिळतं, ते पत्रा अजून ओला असतानाच भागामागे एक-दोन फवारे मारायचं आणि मग लहान, लांब लवेच्या टॉवेलाने सरळ रेषेत हलकेच फिरवायचं. टॉवेल घसरतो हे हाताला जाणवतं. जास्त मारलं तर चट्टे दिसतात आणि ते घालवण्यासाठी पुन्हा पुसावं लागतं, म्हणजे जिथून निघालो तिथेच. गाडीला सिरॅमिक कोटिंग असेल तर त्यावर चालणारंच द्रव्य घ्या, नाहीतर कोटिंगवर दुसराच थर बसतो आणि पाणी घरंगळण्याचा गुण झाकला जातो. यातलं काही जवळ नसेल तर साध्या पाण्याने ओलसर केलेला स्वच्छ टॉवेल कोरड्यापेक्षा कधीही बरा.

ज्या जागा फसवतात

दारांच्या मधल्या खांबांवर आणि आरशांवर चकचकीत काळं प्लॅस्टिक असतं. अख्ख्या गाडीत लवकर ओरबाडली जाणारी जागा हीच, आणि वाटेत येते म्हणून हात सहज फिरतो. तिथे फक्त टेकवा आणि उचला. हेडलाइटची ‘काच’ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. तिलाही रंगासारखंच वागवा.

काचांना वॅफल विणीचा टॉवेल, वेगळा. वॅक्सचे फवारे मारलेला टॉवेल काचेवर फिरवला तर पावसात वायपर फरफटतो आणि रात्री समोरून दिवे आले की काच तेलकट दिसते. काच खाली करून तिची वरची कड आणि रबर टिपा, नाहीतर पहिल्यांदा काच खाली-वर केल्यावर दोन ओघळ हमखास.

दारं, डिकी, बॉनेट उघडून कडा आणि रबर टिपा. इथे वेगळ्या रंगाचा टॉवेल. थंडी गोठवणारी असेल तिथे हे टाळू नका, रबरातलं पाणी गोठून दार चिकटतं आणि जोराने ओढलं तर रबर फाटतं. चाकं शेवटी, त्यांच्याच फडक्याने.

मॅट रंगाच्या गाडीला फक्त टिपायचं. तिच्यावर चरा पडला तर पॉलिशने काढता येत नाही, पॉलिशने तो भाग चकाकायला लागतो आणि आणखी उठून दिसतो. वॅक्सचा फवाराही मॅटसाठीचाच हवा. संरक्षक फिल्म किंवा रंगीत रॅप लावलेला असेल तर टॉवेल कडेकडून आत नेऊ नका, आतून कडेकडे न्या, म्हणजे कड उचकटत नाही.

वाऱ्याने वाळवू म्हणणाऱ्यांना

धुतलेली गाडी रस्त्यावर पळवून वाळवायचा मोह मलाही झालाय. वाऱ्याने मोठे थेंब जातात, पण ओल्या अंगाला रस्त्याची धूळ चिकटते आणि मग घरी येऊन टॉवेल फिरवला की तीच धूळ रगडली जाते. आधी टिपा, मग फेरी मारा. ती फेरी मात्र जरूर मारा, पण ब्रेकसाठी. धुतल्यावर काही वेळातच ब्रेकच्या डिस्कवर गंजाची केशरी झाक येते. ती घाबरण्यासारखी नाही, हळू चालवत चार-सहा वेळा ब्रेक लावले की जाते. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी दोन-तीन दिवस उभी केली तर मात्र ब्रेक चिकटून बसू शकतो. आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. ओलावा आत कोंडतो, आणि वाऱ्याने हलणारं कव्हर आतली धूळ रात्रभर रंगावर घासत राहतं.

डाग आणि चरे राहिलेच तर

ताजे क्षाराचे डाग ओल्या टॉवेलाने गेले नाहीत तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्यावर घ्या, डागावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. आम्लामुळे क्षार विरघळतात, मात्र त्या जागेचं वॅक्सही दुबळं होतं, ते पुन्हा लावावं लागतं. हे उन्हात करू नका.

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडलं तर तो खोल आहे, जाणत्या कारागिराला दाखवा. अडलं नाही तर पॉलिशने निघेल. पण पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीवर आणणं. त्या ४०-५० मायक्रॉनमधले काही मायक्रॉन प्रत्येक वेळी कमी होतात आणि परत येत नाहीत. दिवाळखोरासारखं दर काही महिन्यांनी पॉलिश करून घेणं परवडणारं नाही.

टॉवेलची निगा

काम झाल्यावर टॉवेल वाळत घालून पुढच्या वेळी तसाच वापरू नका. त्याच दिवशी धुवा, फक्त मायक्रोफायबरसोबत. सुती कपड्यांबरोबर टाकला तर त्यांचे तंतू लवेत अडकतात. द्रव साबण घ्या, भुकटीचे न विरघळलेले कण धाग्यात राहू शकतात. पाणी कोमट, ४० अंशांपर्यंत. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको, त्याचा मेणचट थर धाग्याच्या फटी बुजवतो आणि टॉवेल पाणी ओढेनासा होतो. ब्लीचही नको. गरम हवेच्या यंत्रात जास्त तापमानावर वाळवला तर धाग्यांची टोकं कडक होतात, आणि एकदा झाली की झाली. सावलीत, धूळ नसलेल्या जागी वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा. डिकीत उघडा टाकलेला टॉवेल म्हणजे वाळू गोळा करायचं भांडं.

टॉवेल म्हातारा झाला की गालावर फिरवून बघा. किंचित जरी खरखर वाटली तर त्याची रंगावरची नोकरी संपली. मग तो दारांच्या कडांना, तिथून चाकांना, आणि शेवटी इंजिनाच्या खोलीत.

सगळं आवरून, हात धुऊन आत गेलात की अर्ध्या तासाने एकदा बाहेर या. आरशाखालून एक ओघळ दारावर उतरलेला असेल, मागच्या नंबरप्लेटीखाली दुसरा. ब्लोअर वापरला असला तरी असतो. त्यासाठी लहान टॉवेल खिशात ठेवलेलाच बरा.